एडिंबरातली शुद्ध मराठी

फॅमिलीला घेऊन दिवसभर हिंडलं की फोटो निघतात चोवीस आणि किस्से निघतात पन्नास! फोटो अल्बममध्ये चिकटवले की गप्प पडून राहतात. किस्से मात्र कार्डिफमध्ये कुणाकडेही चार मराठी माणसं जेवायला जमली की बाहेर येतात. एकोणनव्वद सालच्या आमच्या एडिंबराच्या ट्रिपचं तसंच झालंय. माणसं चारच: मी, आमचे डॉक्टर, पुण्याहून आलेल्या सासूबाई आणि आमची आठ वर्षांची मीरा.

डॉक्टर म्हणजे आमचे हे. हॉस्पिटलमध्ये दिवसभर इंग्लिश बोलून घरी आले की यांना मराठीचा उमाळा येतो. त्या सकाळी गाडीतच यांनी जाहीर केलं, "आज आईसाठी फक्त शुद्ध मराठी!"

पुढच्याच वळणावर कार पार्क फुल्ल.

"शिट!"

"काय रे?" सासूबाईंनी मागून विचारलं.

"शीत, आई! बाहेर शीत वारा आहे."

सासूबाईंनी शाल आणखी घट्ट ओढून घेतली.

*

गाडी एकदाची लागली. टेकडीवरचा किल्ला बघून मीरा ओरडली, "आजी, किल्ली बघ, किती मोठा!"

"किल्ला!" डॉक्टर गरजले. "किल्ली म्हणजे चावी. दहा वेळा म्हण."

भर रस्त्यात तिने दहा वेळा म्हटलं आणि तोंड मिटलं ते मिटलंच. सासूबाईंना येऊन तीन महिने झाले होते आणि घरीही रोज हेच चालायचं. त्यामुळे मीरा आजीशी 'हो' आणि 'नको' यापलीकडे जायचीच नाही. शनिवारी सासूबाईंचं विमान होतं. "नात काही माझ्याशी बोलली नाही गं," असं त्या आदल्याच दिवशी मला म्हणाल्या होत्या. मला फार वाईट वाटलं होतं, आणि यांचा रागही आला होता.

अर्ध्या चढावर डॉक्टर खिसे चाचपायला लागले. "किल्ली? अगं, किल्ली कुठाय?"

मीराने शांतपणे वर बोट दाखवलं. "बाबा, दॅट बिग थिंग. अप देअर."

गाडीची किल्ली माझ्या पर्समध्ये होती. पाच मिनिटं मी ती मुद्दाम काढली नाही!

*

किल्ल्यावर रविवार सोडला तर रोज दुपारी एक वाजता तोफ उडते. डॉक्टर नवाकोरा व्हिडिओ कॅमेरा डोळ्याला लावून साडेबारापासून उभे. वर कॉमेंट्री चालू, "आता आपण ऐतिहासिक तोफेचं प्रक्षेपण पाहणार आहोत..."

धडाम!

ती कॅसेट अजून आमच्याकडे आहे. तीत तोफ नाही. यांचे बूट आहेत, थोडं आकाश आहे आणि एकच वाक्य आहे, "आई गं, मेलो!" दिवसभरातली सगळ्यात शुद्ध मराठी तीच.

*

जेवायला एका पबमध्ये शिरलो. सासूबाई पक्क्या शाकाहारी. बाहेरच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत हॅगिस लिहिलेलं होतं. ते काय असतं, असं त्यांनी सहज विचारलं.

"मेंढीचं यकृत, हृदय आणि फुप्फुस," डॉक्टर सांगायला लागले, "जठरात भरून शिजवतात."

"अरे, जेवायला आणलंयस की तुझ्या वॉर्डात?"

सासूबाईंनी त्या दिवशी फक्त चिप्स खाल्ल्या.

*

शेवटी उतारावरच्या राजवाड्यात गेलो. तिथला म्हातारा स्कॉटिश गाइड एका जुन्या खुनाची गोष्ट अगदी रंगवून सांगत होता. सासूबाईंना अक्षर कळेना. त्यांनी लेकाकडे बघितलं. डॉक्टरांनी घसा साफ केला.

"आई, ईर्ष्याग्रस्त पतीच्या चिथावणीवरून गर्भवती राज्ञीच्या समक्ष तिच्या स्वीय सचिवाची निर्घृण हत्या करण्यात आली."

सासूबाई मीराकडे वाकून म्हणाल्या, "काय झालं गं?"

मीराने आधी बाबाकडे बघितलं. मग आजीचा हात धरला.

"आजी, राणीची नवरा जेलस झाली. राणीची एक फ्रेंड होता, त्याला मारली! राणीच्या समोर! आणि राणीच्या पोटात बेबी होता!"

"अगं बाई! पोटुशी बाईसमोर?"

"येस! आणि ब्लड अजून फ्लोअरवर आहे, तो माणूस म्हणते."

"म्हणतो!" डॉक्टर मध्ये पडले. "तो माणूस म्हण—"

"तू थांब रे जरा," सासूबाई म्हणाल्या. "आत्ता कुठे मला कुणीतरी मराठीत सांगतंय!"