नऊ वाजता साय

आमच्या घरमालकांइतकी चेहऱ्याची निगा राखणारा पुरुष अख्ख्या नाशकात दुसरा झाला नसेल. नव्वदच्या दशकात मी सिडकोत त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. काका ओझरच्या विमान कारखान्यात फिटर. अंगापिंडानं पैलवान, आवाज भोंग्यासारखा. पण रात्री नऊ वाजले की हा माणूस काकूंसमोर मांडी घालून बसायचा आणि दोघं एकमेकांच्या चेहऱ्याला साय-बेसनाचा लेप लावायचे. पहिल्याच आठवड्यात पाण्याच्या मोटरची किल्ली मागायला मी खाली गेलो, तर दारात दोन पिवळे चेहरे! मी दचकून मागे सरलो. "घाबरू नका, आम्हीच आहोत," काका म्हणाले आणि उलट मलाच झापलं, "विमानाच्या पत्र्यालासुद्धा रंगाआधी प्रायमर लागतो. तुम्ही आपले तसेच उन्हात हिंडता!" विजेचं मीटर बघायला येणारा माणूसही या उपदेशातून सुटला नव्हता. लेप सुकेपर्यंत हसायचं नाही असा काकांचा कडक नियम होता, आणि रोज तो नियम स्वतः काकाच मोडायचे.

यामागचं कारण काकूंनी मला फार उशिरा सांगितलं. ऐन तिशीत त्यांच्या ओठाशी कोडाचा डाग उठला आणि बघता बघता गालावर पसरला. हळदीकुंकवाला बायका त्यांना कुंकू लावायच्या नाहीत, करंडा नुसता पुढे सरकवायच्या. काकूंनी जाणंच सोडलं. डॉक्टरांचं मलमसुद्धा त्या मोरीत कडी घालून लावायच्या. एकदा काकांनी दार वाजवलं.

"बाहेर ये. मलाही लाव."

"अहो, औषध आहे ते!"

"मग मला साय लाव. पण एकटीनं आत बसायचं नाही."

पुढे मलम सुटलं, डाग राहिले, आणि नऊची बैठकही राहिली.

मी घर बदलल्यावर काही वर्षांनी काकू हृदयविकारानं तडकाफडकी गेल्या. नेण्याआधी नात्यातल्या एका बाईंनी त्यांच्या तोंडावर पदर ओढला. "लोक येतायत," त्या हळूच म्हणाल्या. काकांनी तो पदर बाजूला केला. "बघू दे लोकांना." त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

त्याच हिवाळ्यात काका माझ्याकडे आले. निफाडकडचा गारठा त्या वर्षी फारच होता. त्यांचे गाल उलून रक्त आलं होतं. मी क्रीमची डबी पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही.

"इतक्या वर्षांत स्वतःच्या हातानं कधी लावलंच नाही हो," ते म्हणाले. "बसतो लावायला, पण जमत नाही."

डबी उघडून मीच बोटावर क्रीम घेतलं. काकांनी डोळे मिटून चेहरा पुढे केला. मी गालाला हात लावणार, तेवढ्यात ते डोळे न उघडताच म्हणाले, "तिथून नाही. आधी कपाळ."