गावची हवा घाटावर

किर्गिझ डोंगरातल्या आमच्या कायिंदी गावात गाडी ढकलण्यावरून माणसाचं वय कळतं. खाली उतरून ढकलतो तो तरुण, आत बसून ‘अजून जोर लावा रे’ म्हणतो तो म्हातारा. असानाकुनच्या गाडीत मी पहिल्यांदा आत बसून राहिलो, त्या दिवशी घरी येऊन आरशात दाढी नीट पाहिली. पांढरी झाली होती, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं.

असानाकुन माझा शेजारी, वयाने धाकटा. कोल्खोज होतं, म्हणजे गावची सामुदायिक शेती होती, तेव्हा तो ट्रॅक्टर चालवायचा. कोल्खोज मोडलं, ट्रॅक्टर कुणीतरी नेला, आणि फिरत फिरत त्याच्या हाती एक जुनी लांबोडकी जर्मन गाडी आली. उन्हाळ्यात घाटापलीकडच्या कुरणांवर, म्हणजे आमच्या जायलूवर, माणसं आणि पिठाची पोती पोचवायची हा त्याचा धंदा. खाली गावात गाडी मोठी गुणी, पण घाट चढू लागली की तिला धाप लागायची. वर हवा विरळ, इंजिनाला श्वास पुरत नाही. तिसऱ्या वळणावर, झऱ्यापाशी, ती हमखास बसकण मारायची. मग पोरं उतरायची, ढकलायची, झऱ्याचं पाणी प्यायची आणि पुन्हा चढून बसायची. एकदा तर एका नवरदेवाने पांढरा कोट घालून ढकलली. सासरी पोचला तेव्हा कोटावर मागच्या चाकाचा सगळा चिखल. सासूने आधी जावयाला ओळखलंच नाही, आणि ओळखल्यावर जास्त रडली. असो.

मग पोरं कामधंद्याला मॉस्कोला गेली, एकेक करून. गाडीत उरलो आम्ही दाढीवाले आणि ओढणीवाल्या. आणि आमच्याकडे वडीलधाऱ्यांना ‘जरा उतरा’ म्हणायची रीत नाही. म्हणणारा खाली मान घालून मरेल, पण म्हणणार नाही.

मागच्या उन्हाळ्यात तेच झालं. गाडीत पुढे बाटमाकान आपा बसली होती. ही असानाकुनची थोरली मावस बहीण. त्याची आई लवकर गेली, तेव्हा हिनेच त्याला वाढवलं. मागे मी, मामबेतअली आणि मिठाची पोती. तिसऱ्या वळणावर गाडी बसली. असानाकुनने पुन्हा पुन्हा चावी फिरवली. असानाकुन समोर बघतोय, आम्ही खिडकीतून बघतोय, जणू डोंगर पहिल्यांदाच दिसतोय. शेवटी आपाच म्हणाली, “वळव, बाळा. घरी जाऊ.”

घरी आल्यावर तिने कुमिस, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, घुसळायची कातडी पिशवी सुनेकडे वर पाठवून दिली. तिच्या आईची पिशवी. दर उन्हाळ्यात ती स्वतः वर नेऊन तंबूत टांगायची. पिशवी दिली म्हणजे आता आपण वर जात नाही, हे तिने न बोलता सांगितलं. असानाकुनला ते बरोबर कळलं. पुढचा उन्हाळा येईल तेव्हा आपाला कुणी ‘उतर’ न म्हणता वर पोचवायची, एवढं एकच त्याने मनात धरलं.

हिवाळाभर तो अंगणात काठीने आकृत्या काढायचा आणि कोंबड्या त्या खोडून टाकायच्या. एकदा मी विचारलं, “हे काय चाललंय?”

“टर्बो, अके,” तो म्हणाला. थोरल्या माणसाला आमच्याकडे अके म्हणतात. “गाडीच्या धुराच्या जोरावर एक भिंगरी फिरते. तिच्याच दांड्यावर दुसरी भिंगरी असते, ती बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबते.”

“मग बसव की बॉनेटखाली.”

“बॉनेटखाली बोट घालायला जागा नाही. पुढे बसवायची तर नळ्या नव्याने घडवाव्या लागतील. मागचा सायलेन्सर मात्र सडून लोंबतोय. तो कापायचा आणि त्या जागी टर्बो टांगायचा. तिथून इंजिनापर्यंत गाडीच्या पोटाखालून एक लांब नळी. येता येता हवा आपोआप गारही होते.”

मामबेतअली कुंपणापलीकडून ऐकत होता. जन्मभर गुरांचा डॉक्टर राहिलेला माणूस. तो म्हणाला, “घोड्याचं नाक शेपटीखाली बसवणारा तू पहिलाच रे!”

“नाक कुठेही असू द्या, अके. श्वास मिळाल्याशी मतलब.”

“आणि मग तू काय आम्हाला वाऱ्यासारखा पळवणार? माझी हाडं मोजून ठेव आधी.”

“पळवायचं नाहीये. गावात तिला जेवढी हवा मिळते तेवढीच वर मिळाली की झालं. जास्त झाली तर एक झडप उघडते आणि धूर बाजूने निघून जातो.”

“म्हणजे गावची हवा घाटावर नेणार तू,” मी म्हणालो.

“हां. तेवढंच.” असा खूश झाला, की काठीने कोंबड्यांना हाकलायचंही विसरला.

टर्बो मिळाला बिश्केकच्या भंगारात, एका आपटलेल्या डिझेल व्हॅनचा. त्यासाठी एक मेंढा गेला. नळ्या जुन्या ट्रकांच्या धुराड्यांच्या, वाकलेल्याच निवडून आणल्या, म्हणजे वाकवायची मजुरी वाचली. पेट्रोलची त्याला काळजी नव्हती. त्या जुन्या गाडीत हवेने उचलली जाणारी एक चकती होती, जेवढी हवा तेवढं पेट्रोल ती स्वतःच सोडायची. अडलं ते तेलावर. टर्बोला इंजिनाचंच तेल लागतं. जायला ते जोराने जातं, पण टर्बो इंजिनापेक्षा खाली, मग परत चढ कसं चढणार? त्याने विजेवर चालणारा एक छोटा तेलाचा पंप शोधला आणि मागच्या सीटखाली बसवला. पंप चालू झाला की थेट कोकरासारखा रडायचा. त्याची बायको झुऊराकान पहिल्या दिवशी दुधाची बाटली घेऊन बाहेर आली होती.

हवा ओढायचं तोंड त्याने डिकीच्या आत ठेवलं, चाकांची धूळ जाऊ नये म्हणून. विचार चांगला होता. वसंतात रस्ता उघडल्यावर आम्ही तिघे चाचणीला निघालो, तेव्हा मामबेतअलीने जाता जाता आपल्या मेंढ्यांची लोकर डिकीत कोंबली, पोतं उघडंच. दुसऱ्या वळणापर्यंत गाडी अशी चढली की मी टोपी धरली. मग खोकली, गुदमरली आणि थांबली. डिकी उघडून बघतो तर फिल्टरला लोकरीची दाढी आलेली, माझ्याहून लांब.

“माझी लोकर खाल्ली हिने!” मामबेतअली ओरडला.

“अके, तुमचंच पोतं उघडं होतं.”

“गाडी काय खाते हे आधी सांगायचं ना! मी जनावरांचा डॉक्टर, मला काय ठाऊक!”

असानाकुन मात्र हसला नाही. तो त्या वळणावरून वर झऱ्याकडे बराच वेळ बघत राहिला. घरी आल्यावर त्याने फिल्टर पत्र्याच्या डब्यात घालून वर मागच्या काचेजवळ नेला, आणि डब्याच्या तोंडाला झुऊराकानचा बोरसोक, म्हणजे कणकेचे गोळे, तळायचा झारा कापून बसवला.

“अहो, माझा झारा!”

“नवा आणतो.”

“नवा नको. तोच हवा होता. त्याला माझा हात बसला होता.”

“तर मग गाडीलाही बसेल.”

जायलूवर जायची वेळ आली, तेव्हा तो आपाच्या दारात गेला. टर्बोचं अवाक्षर काढलं नाही. “आपा, वर मीठ पोचवायचंय. सोबतीला येता?”

“मिठाला सोबत लागते होय?” आपा म्हणाली. पण ओढणी बांधली.

ती पुढे बसली. मागे मी, मामबेतअली आणि मीठ. लोकर नव्हती, मी त्याचे खिसेसुद्धा चाचपले होते. चढ सुरू झाला आणि सीटखाली पंप रडू लागला.

“मागे कोकरू कुणी घेतलंय? आईपासून तोडलंत का त्याला?”

“यंत्र आहे, आपा.”

“मग यंत्राला भूक लागलीय.”

पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. मामबेतअलीने माझा गुडघा धरला होता, मी त्याचा. तिसरं वळण आलं, झरा दिसला, आणि गाडी न धापता त्याच्यापुढे निघूनही गेली. आम्ही कुणी श्वास घेतला नव्हता. घेतला तो फक्त गाडीने.

“थांब,” आपा म्हणाली.

असानाकुनचा चेहरा उतरला. “आपा, इथे नको. इथून पुन्हा सुटली नाही तर...”

“असाना, मी सून होऊन आले तेव्हापासून या झऱ्याचं पाणी न पिता वर गेलेली नाही. थांब म्हणते ना.”

तो थांबला. हँडब्रेक ओढला. “इंजिन चालूच ठेवतो, टर्बो तापलाय,” एवढंच पुटपुटला. आपा आपली आपण उतरली, सावकाश झऱ्यापाशी गेली, ओंजळभर पाणी प्यायली, ओंजळभर तोंडावर मारलं. मग येऊन दाराशी न जाता गाडीच्या मागे उभी राहिली आणि डिकीवर हात ठेवला.

“आपा, हे काय?”

“पोरं नाहीत ना. इतक्या वर्षांची सवय आहे हिला, हात लागल्याशिवाय सुटायची नाही. सोड ब्रेक.”

त्याने सोडला. गाडी तिच्या हाताखालून अलगद पुढे सरकली आणि हात हवेतच राहिला. आपा त्या हाताकडे बघून हसायला लागली. तोंडात दात थोडेच, पण मोकळं हसली. असानाकुन पुढे जाऊन थांबला, ती चालत येऊन बसली. आता आम्ही सगळे, मिठासकट, आणि समोर उभा चढ. त्याने क्लच सोडला. कोकरू रडलं, मागून टर्बोची शीळ आली, आणि गाडी निघाली. माथ्यावर आपाने त्याच्या पाठीवर हात फिरवला, लहानपणी फिरवायची तसा, आणि तो जरा जास्तच लक्ष देऊन रस्ता बघू लागला.

जायलूवर सून तंबूबाहेर आली. आपाने हात धुतले, आत गेली, टांगलेली कातडी पिशवी दाबून बघितली, वास घेतला.

“बरी सांभाळलीस. दे ती रवी इकडे. तू जरा बस.”

बाहेर गाडी उभी होती, इंजिन चालू, पंप रडतोय. आतून घुसळण्याचा आवाज आणि आपाची हाक एकदमच आली.

“असाना! त्या कोकराला गप्प कर आता!”

“जरा थांबा, आपा,” तो नळीजवळ कान नेऊन म्हणाला. “तेल घरी परतू दे त्याचं.”