सेक्रेटरींचे वाल

देवाने जग निर्माण केलं तेव्हा आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी हजर असते, तर आवाज कमी ठेवण्याबद्दल त्यांनी देवालाही नोटीस काढली असती. कोलशेतच्या आमच्या टॉवरमध्ये त्यांच्या परवानगीशिवाय कबुतरसुद्धा टेकत नाही. दाराबाहेरच्या चपला, कठड्यावरची चादर, लिफ्टमधलं मोठ्याने हसणं, सगळ्याला नोटीस. पाण्याच्या टाकीखाली मधमाश्यांचं पोळं दिसलं तेव्हा तर "विनापरवाना बांधकाम!" म्हणत त्यांनी औषधवाले बोलावले आणि संध्याकाळपर्यंत पोळं उतरवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

गंमत म्हणजे हा टॉवर त्यांच्याच शेतावर उभा आहे. भात कापला की मागे राहिलेल्या ओलीवर त्यांच्या आई वाल पेरत. जमीन बिल्डरकडे गेली, बदल्यात फ्लॅट मिळाला आणि आईंबरोबर मूठभर वाल बाराव्या मजल्यावर राहायला आले. यंदा आईंनी हट्टच धरला. "बी जुनं झालं रे. आता नाय पेरलंस तर पुढं रुजायचं नाय. मग संपला आपला वाल."

झालं! बाल्कनीत ड्रम आले, होते नव्हते तेवढे दाणे पेरले गेले आणि सेक्रेटरींनी वेलाला शिस्त लावायला घेतली. उजवीकडे वळलेला शेंडा रोज सकाळी डावीकडे. खताचा मारा तर असा, की वेल थेट शेजारच्या माझ्या बाल्कनीत शिरला. कुंडीतलं पाणी खाली ठिबकलं म्हणून दंड लावणारा हा गृहस्थ मला म्हणाला, "असू द्या हो, पाहुणा आहे." थंडी पडली, वेल फुलांनी भरला आणि फुलं गळून गेली. पुन्हा आली, पुन्हा गळली. शेंगेचा पत्ता नाही. सेक्रेटरींनी आणखी खत घातलं, वेलाची दृष्ट काढली, बायकोचा पावडरीचा ब्रश घेऊन फुलाफुलावर फिरवला. शेवटी मोबाइलवर कुणी जाणकार सापडला. तो म्हणाला, खत बंद करा, आणि फुलांवर मधमाश्या येतात का ते बघा.

सेक्रेटरी माझ्या सोफ्यावर मटकन बसले. "मीच हाकलल्या हो."

मग खास सभा झाली. विषय एकच, मधमाश्यांना परत येऊ देणे. टाळ्या वाजवणारेच आता तावातावाने उठले. "फ्लॅटचे भाव पडतील!" "माश्यांची गेटवर एन्ट्री कोण करणार?" हे सगळं लोक सेक्रेटरींकडूनच शिकले होते. सेक्रेटरी उभे राहिले. नियमांची फाईल त्यांनी उघडलीच नाही. "आईचं बी हाय ते," एवढंच म्हणाले. "शेतातलं तेवढंच ऱ्हायलंय माझ्याकडं." शेंगा धरेपर्यंत फवारणी बंद, असा ठराव झाला.

सेक्रेटरींनी गच्चीवर झेंडू आणि तुळशी लावल्या. माश्या आल्या, पण पाहुण्यासारख्या, थोड्या आणि उशिरा. शेंगाही बोटांवर मोजण्याइतक्याच धरल्या. वाळलेले दाणे निघाले ते जेमतेम एका माणसाच्या बिरड्यापुरते. सेक्रेटरींना ते आईंना खाऊ घालायचं होतं. आईंनी दाण्यांची ताटली स्वतःकडे ओढली. "खाल्लं तर काय उरंल? राख आण. बी राखेत ठेवायचं असतं."

बाराव्या मजल्यावर राख कुठली? त्या दिवशी सेक्रेटरींनी प्रथमच नोटीस न घेता दारोदार बेल वाजवली. "राख आहे का हो? अगरबत्तीची चालेल." प्रत्येक देव्हाऱ्यातून चिमूटभर निघाली. नव्वदीला टेकलेल्या आईंनी ती दाण्यांना चोळली आणि डबा घट्ट लावला. "बिरडं पुढच्या साली," त्या म्हणाल्या. सेक्रेटरींनी डबा देव्हाऱ्यात नेऊन ठेवला.

मी काही देवभोळा माणूस नाही. पण आईंनी ते बिरडं खावं असं मला फार वाटतं. तेव्हापासून मी रोज सकाळी एक अगरबत्ती लावतो आणि तिची राख वाटीत जमवून ठेवतो.