चित्रातल्या नवऱ्याचा आवाज

आमचा संसार टिकला तो चाचींमुळे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सांगताना मी घाबरते, आणि घाबरले की मुख्य तेवढं राहून जातं. शाळा माझी सातवीतच सुटली. अजून चार ओळी लिहिल्या की वाटतं, पाठीमागे कुणीतरी चुका काढत उभं आहे.

चाची म्हणजे शाहूपुरीतल्या आमच्या घरमालकीण. चाचा वारलेले, मुलगी हुपरीला दिलेली, मुलगा दुबईला. अंगणाच्या तीन बाजूंनी भाड्याच्या खोल्या, त्यातली कोपऱ्यातली आमची. आम्ही खानदेशातले. यांना इथल्या कारखान्यात लेथवर काम मिळालं म्हणून मी लग्नानंतर इतक्या लांब आले. पहिले काही दिवस मला वाटायचं, इथं सगळे एकमेकांवर चिडलेलेच असतात. चाचींनी समजावलं, "अगं, भांडत न्हाय कोण. असंच बोलत्यात."

दुसऱ्या वर्षी माझे वडील आजारी पडले. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या फोनवर निरोप आला, लवकर या. मंगळवार होता. हे म्हणाले, "रविवारी निघू." बाकी काही बोलले नाहीत. मी विचारलं तर पाठ फिरवून हात धूत राहिले. रविवारी निघालो. पोचलो तेव्हा अस्थी सावडून झाल्या होत्या. वडिलांची टोपी खुंटीवर तशीच होती. परत आल्यावर मी यांच्याशी बोलणं बंद केलं.

अबोला आमच्याकडच्या बायकांना नवा नाही. त्याची रीत असते. स्वयंपाक वेळेवर करायचा, ताट वाढायचं, पाणी ठेवायचं, पण शब्द नाही. सांगायचं ते तिसऱ्याला सांगायचं. घरात सासू असती, मूल असतं, तर त्यांच्यामार्फत चाललं असतं. आमच्यात तिसरं कुणी नव्हतं, म्हणून ते काम चाचींकडे गेलं. हे उंबऱ्यात बसलेले असायचे आणि मी अंगणात पाहून म्हणायची, चाची, रॉकेल संपलंय म्हणावं. हेही चाचींनाच सांगायचे, आज यायला उशीर होईल म्हणावं. चाची तांदूळ निवडता निवडता म्हणायच्या, "मी काय पोस्ट हाय व्हय?" पण निरोप पोचवायच्या. यांच्याही तोंडावर बोलायच्या की मेल्या, दोन हातांवर बायको बसलीया, तिलाच सांग की.

त्या दिवसांत चाचींच्या मुलानं दुबईहून येताना टीव्ही आणला. अंगणातले सगळे रविवारी संध्याकाळी त्यांच्या खोलीत जमायचे. काढलेल्या चित्रांची एक मालिका लागायची. लांब नाकाचा नवरा, बुटकी बायको, आणि दर आठवड्याला दोघांचं भांडण. नवरा छपरावरून पडायचा आणि उठून टोपी झटकायचा. चित्रातल्या माणसांना लागत नाही. मालिका इंग्रजी होती, कुणाला काही कळायचं नाही. म्हणून चाचींनी एकदा टीव्हीचा आवाज बारीक केला आणि स्वतःच बोलायला लागल्या, नवऱ्याचं जाड आवाजात, बायकोचं बारीक. "कुटं उलथला हुतासा?" "उलथतोय कशाला, तुझ्या भावाकडं गेलतो की." लोक पोट धरून हसायचे. तेव्हापासून तीच पद्धत पडली. खरा आवाज कुणी ऐकलाच नाही. ती साहेबाघरची माणसं आमच्या अंगणात कोल्हापूरचीच झाली.

मी पुढे बायकांत बसायची. हे दारात चपलांजवळ उभे राहायचे. सगळे हसायचे तेव्हा मला वाटायचं, दुसऱ्याचं भांडण बघायला किती हलकं असतं.

मग भावाचा निरोप आला, सोमवारी न्यायला येतो. मी ट्रंकेत सगळ्या साड्या भरल्या. लग्नातलीसुद्धा. परत यायचं नाही हे मी कुणाला बोलले नव्हते, पण ट्रंक पलंगावर उघडी होती, आणि यांना डोळे होते. चाचींनीही दारातून पाहिली. 

त्याच रविवारी मालिकेत तो लांब नाकाचा नवरा त्याच्या मालकासमोर उभा होता. टोपी हातात, मान खाली. मालक टेबलावर मुठी आपटत होता. चाची मालकाचं बोलल्या, "काय रं, तोंड का पाडलंस? बोल की." आता नवऱ्याचं बोलायचं, तर त्या खोकल्या. म्हणाल्या, माझा घसा बसलाय, बोला कुणीतरी. पडद्यावर नवऱ्याचे ओठ नुसतेच हलत होते. पोरं हसायला लागली.

मागून, दारातून, आवाज आला.

"रजा पायजे, मालक. सासरा लई आजारी हाय."

लोक आणखी हसले. त्यांना वाटलं, यांनीही आता सोंग धरलं. आवाज यांचा, बोली चाचींनी चित्रातल्या नवऱ्याला दिलेली. मी मागे वळले नाही. चित्र बदललं, नवरा रस्त्यानं चालत घरी निघाला, आणि आवाज तसाच चालू राहिला.

"दोनदा मागितली. न्हाय दिली. गेलास तर परत येऊ नगंस, म्हणाला. आता घरी जाऊन बायकोला काय सांगू? मालकाच्या पाया पडून आलो, ते सांगू?"

हसणं हळूहळू थांबलं. पडद्यावर नवरा घराच्या दारात पोचला. बायको कमरेवर हात ठेवून उभी होती, तिचे ओठ हलत होते. चाची माझ्याकडे पाहत होत्या. म्हणाल्या, "तिचं कोण बोलणार?"

 मी पडद्याकडे पाहूनच बोलले. बारीक आवाज काढणं जमलं नाही.

"तेच सांगायचं होतं ना मला. मी तुम्हाला दगड समजत बसले."

चाचींनी उठून टीव्हीचा आवाज वाढवला. त्या दिवशी पहिल्यांदा त्या दोघांचं इंग्रजी आमच्या कानावर पडलं. उरलेला भाग सगळ्यांनी न समजता, गुमान बघितला.

सोमवारी भाऊ आला. मी त्याच्याबरोबर गेलेच, आईला भेटायचं होतं. पण निघण्याआधी अर्ध्या साड्या ट्रंकेतून काढून परत फळीवर ठेवल्या. हे बघत होते. एसटीच्या खिडकीखाली उभे राहून त्यांनी मला, तिसऱ्या कुणाला नाही, विचारलं, "कधी येशील?" मी म्हटलं, आईचं जरा स्थिर झालं की.

वडिलांचं शेवटचं तोंड मला दिसलं नाही ते नाहीच. त्याचं दुःख यांच्या त्या बोलण्यानं कमी झालं नाही. पण ते एकटीनं धरून बसायचं राहिलं नाही.

चाचींना मी एकदा विचारलं, घसा खरंच बसला होता का. त्या म्हणाल्या, "तुमचं दोघांचं निरोप वाहून बसला हुता."

आता त्या हुपरीला लेकीकडे असतात. डोळ्यांना अगदीच दिसत नाही. तिच्या घरात दिवसभर चांदीची पैंजणं घडवण्याची ठकठक चालते, त्यात टीव्हीचं बोलणं नीट ऐकूही येत नाही म्हणतात. अजून माझं जाणं झालेलं नाही, आज जाऊ, उद्या जाऊ होतं. पण जाणार आहे, चार दिवस राहायलाच. टीव्हीपुढे त्यांच्या शेजारी बसेन, आणि पडद्यावर कोण आलं, कोण रुसलं, कोण काय म्हणालं, ते सगळं त्यांच्या कानाशी बोलेन. नवऱ्याचं जाड आवाजात, बायकोचं बारीक.