त्सुंग शिपायाने उचललेला आरसा

आमच्या वानचाईच्या गल्लीत त्सुंग शिपाई अठरा वर्षं गस्त घालत होता, आणि अठरा वर्षांत त्याने माझ्या गाडीवरची पेज एकदाही तोंडाला लावली नाही. "ही आजाऱ्याची पेज, ताई," असं म्हणायचा आणि खिशातून गव्हाची भाकरी आणि कांद्याची पात काढून कचाकचा चावायचा. शांतुंगचा, उत्तरेचा माणूस. इंग्रजांनी तिकडची उंच पोरं पोलिसात निवडून आणली ती एवढ्याचसाठी, की इथे त्यांचं कुणी सोयरं नाही, त्यांना कुणाची भीड नाही. आमची इथली बोली कँटनी; त्याची मोडकीतोडकी कँटनी ऐकून गल्ली हसायची. सगळ्यांत जास्त माझ्या सासूबाई. त्या त्याला तोंडावर लंब्या म्हणायच्या.

त्याला एका जागी उभं राहणं ठाऊकच नव्हतं. वेढा पडल्यावर तर पायाला भिंगरीच लागली. खाडीपलीकडचा काउलूनचा किनारा जपान्यांच्या हाती गेला आणि त्यांच्या तोफा आमच्याकडे तोंड करून बसल्या. त्सुंग सकाळी तांदळाच्या रांगेपाशी दंडुका घेऊन उभा, दुपारी लुटारूंच्या मागे, मग ढिगाऱ्यातून मढी ओढायला. मध्येच गाडीशी थांबलाच तर पाय बदलत दोन शब्द बोलायचा आणि सुटायचा. त्यात नवा हुकूम आला: पलीकडे खुणा करणारे फितूर शोधा. मागच्या रस्त्यावरून दोघांना धरून नेलं. ते परत आले नाहीत.

आणि नेमक्या त्याच दिवसांत माझ्या सासूबाईंनी आठकोनी आरसा गच्चीवर नेला. असला आरसा आमच्याकडे घरोघरी दारावर असतो. जे काही वाईट चालून येईल ते त्यात आपलं तोंड बघतं आणि आल्या वाटेने परत जातं. सासूबाई म्हणाल्या, गोळे वरून येतात, तर आरसाही वर हवा. दारावरचा काढून कठड्यावर टेकवला, तोंड आभाळाकडे, जरासं काउलूनकडे कललेलं. रोज राखेने लख्ख घासायच्या. तो वर चढवायला मीच हात दिला होता. मला तरी अक्कल हवी होती.

आरसा लावल्याच्या चौथ्या दिवशी भर दुपारी आम्ही दोघी गच्चीवर असताना त्सुंग दोन-दोन पायऱ्या चढत वर आला.

"ताई, इथे काय चमकतंय? सार्जंटने धक्क्यावरून पाहिलं. खाली उभाय, पिस्तूल काढून. म्हणतो, फितुराला खाली आण."

सासूबाई उसळल्या. "फितूर? मी? अरे लंब्या, त्या मेल्यांचा गोळा त्यांच्याच टाळक्यात घालायला लावलाय तो!"

"मला कळतं, आजी. माझ्या आईच्या दारावरही आहे. पण त्या गोऱ्याला कसं समजावू?"

"काढलास तर गोळा घरात येईल. सांगून ठेवते."

त्सुंगने गच्चीला दोन फेऱ्या मारल्या. काढला नाही तर म्हातारी जाते, काढला तर घर जातं, हे त्याच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ दिसत होतं. शेवटी त्याने आरसा काखेत मारला. "तुम्ही इथून हलू नका. मी बोलतो." मी त्याच्या मागोमाग उतरले. वर बसवेना.

सार्जंटचे डोळे जागून जागून लाल झाले होते. "माणूस कुठाय?"

त्सुंगने तोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी सांगून पाहिलं: दार, गोळा, परत. मला इंग्रजी कळत नव्हतं, तरी हात कळत होते. सार्जंट कँटनीत बोलला; ती त्याची त्सुंगपेक्षा बरी होती.

"आरशाने गोळा परत जातो? मला काय खुळा समजतोस? सरक, मीच आणतो."

मी जिन्यात त्याला आडवी आले. "चौऱ्याहत्तर वर्षांची आहे हो ती!" त्याने मला बाजूला ढकललं आणि पायरीवर पाय ठेवला.

तेवढ्यात वरून येणाऱ्या गोळ्याची शिट्टी ऐकू आली. मी जमिनीला चिकटले. सार्जंट जागीच थिजला. त्सुंग आडवा झाला नाही. तो सार्जंटच्या पुढे आला, आरसा दोन्ही हातांनी शिट्टीच्या दिशेने उंच धरला आणि डोळे गच्च मिटून उभा राहिला.

गोळा कोपऱ्यावर पडला. धूळ खाली बसली तेव्हा आरसा नव्हता, आणि त्सुंगचा उजवा पंजाही नव्हता. त्याच्यामागे सार्जंट पायरीवर बसला होता, अंगावर ओरखडा नाही. त्याने जमिनीवरच्या काचा पाहिल्या, मग त्सुंगकडे पाहिलं. स्वतःचा पट्टा काढून त्याने त्सुंगचं मनगट आवळून बांधलं आणि त्याला तांदळाच्या हातगाडीवर चढवलं. "म्हातारीला सांग, पुन्हा असलं काही वर लावू नको," एवढंच मला म्हणाला. वर गेला नाही.

मी आरसा चढवणारी, आणि वेळ आली तेव्हा मातीत तोंड खुपसून पडले. त्याची लाज मला आजही वाटते.

त्यानंतर दहाव्या दिवशी संध्याकाळी शहराने पांढरं निशाण दाखवलं. त्सुंगला ठेवलेलं इस्पितळ रिकामं होत होतं. तो भिंतीभिंतीने आमच्याकडे आला, अंगात अजून शिपायाचा निळा लोकरी डगला. जपानी आता शिपायांनाच शोधत फिरणार होते. सासूबाईंनी डगला ओढून काढला आणि चुलीत कोंबला. मागोमाग पाटलोण. बोटीवर कामाला गेलेल्या माझ्या नवऱ्याचे कपडे त्याला दिले, ते गुडघ्याशीच संपले. घरभर जळक्या लोकरीचा वास सुटला. त्याच जाळावर पेजेचं भांडं होतं.

तो दारापासून चुलीपर्यंत येरझारा घालत होता.

"बस खाली, लंब्या."

"बसवत नाही, आजी."

"बस म्हणते ना!" त्यांनी चमच्यावर फुंकर घातली. "तोंड उघड."

त्याने पट्टी बांधलेल्या आपल्या मनगटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आता खरंच आजारी आहे ना, ताई," असं म्हणाला आणि अठरा वर्षांनी माझी पेज तोंडात घेतली. "मीठ कमी आहे."

गल्लीच्या तोंडाशी बुटांचे आवाज आले. सासूबाई उठल्या. ठेंगणं स्टूल त्याच्या आणि दाराच्या मधे सरकवून, दाराकडे पाठ करून बसल्या आणि त्यांनी पुढचा चमचा भरला.