कुरुंद्यात राक्षस मेलाच नाही

माणिकरावाला मनातल्या मनात वाचता येत नाही. साठी उलटून गेली तरी येत नाही. कुरुंद्याच्या शाळेत आम्ही दोघं एकाच तरटावर बसून सातवीपर्यंत शिकलो, त्यामुळं मी खात्रीनं सांगतो. गुरुजी म्हणायचे, "धडा मनात वाचा." की हा ओठ घट्ट मिटून लालबुंद व्हायचा आणि मग सिद्धेश्वर धरणाचं दार उघडावं तसा एकदम मोठ्यानं सुटायचा. सगळा वर्ग हसायचा. गुरुजींनी शेवटी सगळ्या वर्गाचं वाचन त्याच्याकडेच देऊन टाकलं.

एकदा वसमतला बस स्टँडसमोर आम्ही भजे घेतले. भज्याच्या कागदावर कुठल्यातरी मासिकातली गोष्ट होती. माणिकरावानं ती हॉटेलभर ऐकू जाईल अशी वाचली. ऐन रंगात आल्यावर कागद संपला. पुढचा तुकडा मिळेल या आशेनं ह्या गड्यानं आणखी तीन प्लेट मागवल्या. तुकडा काही मिळाला नाही. घरी येईपर्यंत दोन बस बदलाव्या तसा त्याचा नूर दोनदा बदलला, आधी चिडला, मग उदास झाला. गोष्ट अर्धी राहणं त्याला सहनच होत नाही.

तर असल्या माणसाला आमच्या सावडीत मान मिळणारच. फाल्गुनात हळद निघाली की आम्ही पाच-सहा घरं एकमेकांच्या शेतात कामाला जातो, तीच सावड. लिंबाखाली बसून हळदीच्या कांद्यांची हळकुंडं मोडायची, मधले गड्डे वेगळे टाकायचे. ज्याचा त्याचा ढीग ज्याच्या त्याच्यापुढं. फक्त माणिकरावाचा ढीग बाकीच्यांनी वाटून घ्यायचा आणि त्यानं वाचायचं. वाचन थांबलं की बाया उठणार, हे ठरलेलं. वीस वर्षं झाली, असंच चाललंय.

आणि गेली काही वर्षं वाचायचं काय, तर विजयकुमार हरणखुरे. दुसरं काही चालत नाही. सावडीतल्या सगळ्यात थोरल्या चांगुणाबाईनं एकदा भिंग लावलेल्या डोळ्यांनी एक जाडजूड ऐतिहासिक पुस्तक नुसतं वजनावरून परत पाठवलं होतं. हरणखुऱ्यांची झेंगटपूर नावाची नगरी आहे. तिथं राजा नुसता बसतो आणि कारभार सिंहासन करतं. हडळ शिवणक्लास चालवते. दांडगोबा नावाचा राक्षस आहे, त्याला वैद्यानं मांसाहार बंद केलाय आणि तो दोडक्याच्या भाजीवर कसाबसा दिवस काढतोय. बाया हसता हसता हळकुंडाऐवजी बोटं मोडायला लागायच्या. चांगुणाबाईला अक्षर ओळखीचं नाही, पण दांडगोबा कोणत्या पुस्तकात कुणाला काय बोलला ते ती तारखेसारखं सांगते.

घोटाळा झाला दुसऱ्या पुस्तकात. वसमतच्या वाचनालयातून आणलेलं. शेवटची बारा पानं गायब. माणिकरावाला ते कळलं केव्हा, तर वाचता वाचता थेट पुठ्ठाच समोर आला तेव्हा. त्याच्या वाटणीची हळद बायांनी मोडून संपवली होती, त्यांची स्वतःची अर्धी बाकी होती.

"पुढं?" चांगुणाबाई म्हणाली.

माणिकरावानं घसा खाकरला, पुठ्ठ्याकडं बघितलं आणि वाचायला लागला. दांडगोबा हडळीची पोरगी बघायला गेला. चहा म्हणून अख्खी विहीर प्यायला. मग पोरीनंच त्याला समोर बसवलं आणि विचारलं, "स्वयंपाक येतो का? भांडी कोण घासणार? राग आला की आवाज चढवता का?" राक्षस ढसाढसा रडायला लागला. म्हणाला, "आजवर मला कुणी बस सुद्धा म्हटलं नव्हतं." झालं, लग्न लागलं, दिवस मावळला.

मी शेजारीच होतो. दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडून बघितलं आणि त्याच्याकडं बघितलं. "तातेराव," तो म्हणाला, "बोललास तर बघ."

खरी तकलीफ पुढच्या साली. तिसरं पुस्तक उघडलं तर पहिलीच ओळ, दांडगोबाच्या तेराव्याची. त्या हरवलेल्या बारा पानांत लेखकानं त्याला मारलं होतं! माणिकरावाच्या कपाळावर घाम. पण तोंडानं त्यानं वाचलं, "दांडगोबाच्या घरी सत्यनारायण होता." तिथून पुढं चार पुस्तकं, चार सालं, हा मेलेला राक्षस त्यानं एकट्यानं जगवला. जिथं जिथं रडारड, तिथं तिथं जेवणावळ. दांडगोबाला दोन लेकरं सुद्धा झाली.

आणि लोकांचा जीव त्या राक्षसावर असा की काय सांगू. चांगुणाबाईची नात सपना, बी.एस्सी. झालेली. तिला बघायला हिंगोलीचं पोरगं आलं तेव्हा आजी म्हणाली, "थांबा, आधी आमच्या पोरीचे प्रश्न." सपनानं दांडगोबाला विचारलेले तिन्ही प्रश्न त्याला विचारले. पोरगं म्हणालं, "वरण-भात येतो, भाकर थापता येत न्हाई." तिथंच सोयरीक पक्की. आता जावई भाकरी पण थापतो, थोड्या लांबट होतात.

गेल्या जानेवारीत खबर आली, हरणखुरे स्वतः वसमतला येणार. वाचकांशी गप्पा, दुपारी तीन वाजता. सगळी सावड निघाली. लेखकाला बघायचं आणि सपनाच्या लग्नाबद्दल त्याचे आभार मानायचे, असं चांगुणाबाईनं जाहीर केलं. माणिकराव डोक्याला टॉवेल बांधून खाटेवर.

"मला ताप हाये."

चांगुणाबाईनं कपाळाला हात लावला. "वांग्यावानी गार हायेस. ऊठ."

बसमध्ये तो माझ्या कानाशी पुटपुटला, "तातेराव, आज मी उघडा पडतो. वीस सालं ह्या बायांनी माझ्या वाटणीची हळद मोडली, मी वाचतो म्हणून. आता कोण बसू देईल मला?" मी म्हटलं, "तिसऱ्या पुस्तकानंतर तरी सांगायचं होतंस." "तोवर लेकरं झाली होती ना रे त्याला," तो म्हणाला.

सभागृह भरलेलं. हरणखुरे किरकोळ अंगाचे, मऊ बोलणारे. प्रश्न विचारा म्हटल्याबरोबर चांगुणाबाई उभी. तिनं मुलगी बघण्याचा अख्खा प्रसंग हावभावासकट सांगितला. विहीर प्यायल्यावर सभागृह हसायला लागलं, राक्षस रडल्यावर गप्प झालं. हरणखुऱ्यांनी चष्मा काढून हातात घेतला.

"मावशी, हे माझ्या कुठल्या पुस्तकात आहे?"

"दुसऱ्या. सोताचं लिहिलेलं इसरलात का?"

"दुसऱ्यात दांडगोबा विहिरीत पडून मरतो, मावशी."

"मरतो?" चांगुणाबाईनं मागं वळून आमच्याकडं बघितलं. "माणिकभाऊ?"

माणिकराव उठला. आवाज तोच, धरणाचं दार उघडल्यासारखा. "साहेब, पानं न्हवती. तुमी मारलं ते मला ठावं न्हवतं. ठावं झालं तवा लगीन लागून गेलं होतं."

सभागृहात असा हशा उसळला की पंख्याचा आवाज ऐकू येईना. हरणखुरे हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "पुढं चार पुस्तकं काय केलं त्याचं?" माणिकरावानं सत्यनारायण, जेवणावळी, लेकरं, सगळं सांगितलं. ते वहीत लिहून घेत होते, देवाशपथ.

पण चांगुणाबाईचं समाधान झालेलं नव्हतं. ती लेखकालाच म्हणाली, "अवो, दोडक्यावर जगणारा गरीब जीव. त्याला मारलं काहून?"

"कंटाळलो होतो, मावशी," हरणखुरे खाली मान घालून म्हणाले.

"आमी न्हवतो कंटाळलो."

परतीच्या बसमधून उतरताना ती माणिकरावाला म्हणाली, "फाल्गुनात सपना माहेरी येणार हाये. तू वाचशील तवा ती बाजूला बसंल आन् कागद बघंल. एक अक्षर इकडचं तिकडं झालं की पुस्तक तिच्याकडं आन् तू ढिगावर."

फाल्गुन आला. हरणखुऱ्यांचं नवं पुस्तक माणिकराव वसमतहून घेऊन आला होता. लिंबाखाली सपना त्याच्या खांद्याला खांदा लावून बसली. पहिला दिवस त्यानं कोर्टात वाचावं तसं वाचलं. कुणी हसेना. दुसऱ्या दिवशी दुपारी झेंगटपुरावर शत्रूनं वेढा घातला, राजा सिंहासनाखाली लपला. माणिकराव थांबला. पुढं त्याच्या आवाजात जीव आला, "इतक्यात वेशीवर दोडक्याची गाडी दिसली, आणि गाडीवर दांडगोबा."

सगळ्यांचे हात थांबले. चांगुणाबाईनं हातातलं हळकुंड खाली ठेवलं.

"सपने, लिहिलंय का तसं?"

मी पलीकडून वाकून पानाकडं बघत होतो. पानावर नुसता वेढा होता. सपनानं पानावर बोट ठेवलं, ओळीवरून हळूहळू सरकवलं आणि म्हणाली, "व्हय आजी. बराबर लिहिलंय."

चांगुणाबाईनं पुढचा कांदा उचलला. "बघा," ती सगळ्यांना म्हणाली, "लेखक का असंना, तोंडावर बोललं की सुधरतंय माणूस. वाच रे माणिकभाऊ."