डाव्या टोप्या

धरणगावच्या स्टेशनवर त्या सकाळी आम्ही बापलेक एकाच बाकावर बसलो होतो. मला सुरतची पॅसेंजर धरायची होती, आबांना उलट दिशेची, जळगावची. त्यांच्या मांडीवर पत्र्याचे दोन डबे होते. एकात उजव्या टोप्या, दुसऱ्यात डाव्या. जळगावच्या सराफाने पोवळ्यांच्या माळांसाठी मागवलेल्या तीनशे जोड्या.

आबांनी डाव्यांचा डबा उघडला आणि मी माझी गाडी दिसते का पाहिलं. वरची एक टोपी त्यांनी उन्हात धरली, अंगठ्याने तारेचे फेरे चाचपले. मग डब्यात बोट घालून सगळ्या झाल्या का ते विचारलं.

"बठ्ठ्या व्हयन्यात ना रे?"

"हा, आबा."

त्यांनी झाकण लावलं, सुतळी पुन्हा बांधली. तेवढ्यात माझी गाडी आली.

हे काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. माळेतल्या मण्याच्या दोन्ही अंगांना तारेची, इवल्याशा वाटीसारखी टोपी बसते. आबा चांदीची तार पोलादी पट्टीच्या भोकांतून ओढून बारीक करायचे, विस्तवावर धरून मऊ करायचे. मग आम्ही भावंडं ती भोवऱ्यासारख्या निमुळत्या लाकडी खुंटीवर गुंडाळायचो आणि शेवटचं टोक आत वळवायचो, म्हणजे गळ्याला टोचत नाही. अक्का, माझी मोठी बहीण, उजव्या हाताची. मी डावखुरा. तिचे फेरे एका बाजूला कलायचे, माझे बरोबर उलटे. मण्याच्या एका अंगाला तिची टोपी, दुसऱ्या अंगाला माझी, असं ओवलं की फेरे दोन्हीकडून मण्याकडे झुकायचे. दोन्हीकडे एकाच हाताच्या लावल्या तर अख्खी माळ एकीकडे कललेली दिसते. पण टोप्या सुट्या असताना हा फरक पटकन ध्यानात येत नाही. आणि आबांची नजर तेव्हा मंदावली होती.

जेवताना डावा हात पुढे गेला की आई तो दाबून धरायची. कामाला बसलो की मात्र तोच हात घरात मानाचा. आबांचे धाकटे भाऊ नाना ओट्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमना भाऊ बठ्ठा गावले टोप्या घालस." आबा मान वर न करता म्हणायचे, "तुना डोकाना मापनी अजून नही बननी."

त्या वर्षी आबांनी एक गोष्ट ठरवली होती. हा माल पोचला की पुढचा माल अक्का घेऊन जाईल, सराफाशी तीच बोलेल. आमच्या गल्लीतली कुणी पोरगी धंद्यासाठी एकटी जळगावला गेली नव्हती. अक्काने त्यासाठी आतून कप्पे असलेली पिशवी शिवली होती. सराफाशी काय बोलायचं ते ती तार गुंडाळताना पुटपुटायची आणि मी तिला चिडवायचो.

मग सुरतेहून मित्राचं पत्र आलं. त्याच्या ओळखीच्या शेठच्या नकली दागिन्यांच्या कारखान्यात जागा होती. सोमवारपर्यंत ये, नाहीतर दुसरा बसेल. माझ्या शंभरावर टोप्या राहिल्या होत्या. चार दिवसांचं काम. टोप्या राहिल्यात हे आबांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, आधी हे पुरं कर, मग जा. मी सांगितलं नाही. अक्काने पुढच्या मालासाठी जास्तीच्या टोप्या करून ठेवल्या होत्या. ती विहिरीवर गेली असताना त्या मी उचलल्या, डाव्यांच्या डब्यात तळाशी ओतल्या आणि वर माझ्या पसरल्या. डब्यांना सुतळी बांधली ती अक्कानेच.

गाडीत खिडकी मिळूनही मी बाहेर काही पाहिलं नाही. सराफ लगेच ओवून बघेल का, एवढंच डोक्यात. अमळनेर गेलं. नरडाण्याला गाडी खोळंबली. उतरावं, मिळेल त्या गाडीने जळगाव गाठावं आणि आबा सराफाच्या पायरीवर असतानाच सांगावं, असं वाटलं. पिशवी घेऊन मी दारापर्यंत गेलो, एक पाय पायरीवरही ठेवला. गाडी हलली. तो पाय मी आत घेतला. मला कुणी ओढलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी आबांचं कार्ड आलं. माल परत आला, सराफाने काम बंद केलं. 'तुझ्या अक्काने डबे भरताना घोटाळा केला. तू असतास तर हे झालं नसतं.' मी उत्तरात लिहिलं, 'अक्काला रागावू नका.' 

अक्काला पुन्हा कुणी जळगावचं नाव काढू दिलं नाही. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न होऊन ती अमळनेरला गेली.

मी सुरतेत टिकलो. 'चालशे', 'बराबर छे' म्हणायला शिकलो. आमच्या कारखान्यात टोप्या साच्यातून पडतात. पत्रा सरकवा, दांडा ओढा, पाटी भरली. त्यांना डावं-उजवं नसतं. सुरतेतल्याच लिंबायत वस्तीत खोली घेतली, लग्न केलं, मुलं गुजराती शाळेत गेली. गावी गेलो की आबा शेजाऱ्यांना बोलावून माझा डावा हात दाखवायचे. अक्का अमळनेरहून माहेरी आलेली असली तरी हेच.

बऱ्याच वर्षांनी एका दिवाळीत मी तिला एकटीला गाठून सगळं सांगितलं. ती गव्हातले खडे काढत होती. तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आपला जास्तीच्या टोप्यांचा डबा रिकामा दिसला तेव्हाच ती समजली होती. मी बोलले असते तर आबांनी तुला माघारी बोलावलं असतं, म्हणाली. मी म्हटलं, आत्ता आत जातो आणि सांगतो. तिने सूप खाली ठेवलं.

"आते नको सांगू, भाऊ. त्यासनी माले माफ करेल शे. ते तरी ऱ्हाऊ दे मनाजोडे."

मी ऐकलं, आबांची माफी तिच्याजवळ राहू दिली. ऐकणं मला सोयीचंही होतं, हे लपवत नाही.

गेल्या वर्षी आबा गेले. दशक्रियेनंतर सगळे जेवायला बसले असताना नानांनी तीच गोष्ट काढली. अक्काने डबे भरताना घोटाळा केला आणि आबांनी तिला एका शब्दाने दुखावलं नाही, केवढ्या मनाचा माणूस. मी उभा राहिलो. टोप्या मी उचलल्या, मी ओतल्या, आबांशी खोटं मी बोललो, असं सगळ्या पंगतीसमोर सांगितलं. एकही गोष्ट सोडली नाही.

 मग नानांनी डोळे पुसले.

"देखा, बहीननी चूक स्वतःना आंगवर ली ऱ्हायना. भाऊ पाहिजे ते असा."

पंगतीत माना हलल्या. कुणीतरी माझ्या पानात आग्रहाने आणखी भात वाढला. स्वयंपाकघराच्या दारात अक्का उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि आमटीचं भांडं घेऊन पुढच्या पानाकडे वळली.

हे मी तिच्या मुलींसाठी लिहितो आहे. त्यांनी तरी विश्वास ठेवावा. आणि माझ्यासारख्या सुरतेला आलेल्यांसाठी, ज्यांना गावाकडे अजून भला माणूस म्हणतात. धरणगावात आमचं घर आहे, नाना ते झाडून-पुसून ठेवतात, गेलो की मान देतात. तिथे मला झोप लागत नाही. मी कोण आहे हे ठाऊक असलेलं माणूस त्या घरात राहत नाही. बायको विचारते, गावाला जाताय ना? मी हो म्हणतो, सुरतेहून धरणगावचंच तिकीट काढतो आणि अमळनेरला उतरतो.